पापणीचं ऑपरेशन : आधी काय, नंतर काय

पापणी खाली यायला लागली की माणूस कपाळानं बघायला लागतो. भुवया वर चढतात, कपाळावर आडव्या आठ्या कायमच्या मुक्कामाला येतात आणि संध्याकाळपर्यंत कपाळ आणि मान भरून येते. मग चष्म्याचा नंबर तपासून होतो, बीपी बघून होतं, डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन होतात. माझ्या मावशीचं असंच चाललं होतं. सुईत दोरा ओवताना ती हनुवटी वर करायची. पेपर वाचताना डाव्या हाताच्या बोटानं भुवई वर धरून ठेवायची, आणि पान उलटायची वेळ आली की हात बदलायची. मोतीबिंदू काढून झाला होता, आतला पडदा ठणठणीत होता; नजरेच्या आड येत होती ती तिचीच कातडी. यात काही करता येतं हे घरात कुणाच्याच, तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. ‘आता वय झालं’ म्हटलं की विषय संपायचा.

पापणीवरची जादा कातडी, आणि गरज असेल तर चरबी, काढण्याच्या शस्त्रक्रियेला ब्लेफारोप्लास्टी म्हणतात. खाली उतरलेली पापणीच वर उचलायची असेल तर ते टोसिसचं ऑपरेशन. आपल्याकडे ही नावं कानावर पडतात ती नटनट्यांच्या बातम्यांमधून, त्यामुळे हा नट्टापट्ट्याचा कारभार आहे असा ग्रह होऊन बसला आहे. इतिहास वेगळं सांगतो. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागतात त्याला सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ म्हटलं आहे, आणि त्यावर पापणीची कड नि भुवई यांच्यामधली जवाच्या आकाराची आडवी कातडी कापून केसानं टाके घालण्याची रीत दिली आहे. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससनं सैल पापणीची कातडी काढण्याबद्दल लिहून ठेवलं. ‘ब्लेफारोप्लास्टी’ हा शब्द १८१८ साली कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे या जर्मन शल्यविशारदानं रूढ केला. खुपऱ्यांनी आत वळलेली पापणी सरळ करण्याचं ऑपरेशन हा तर अंधत्व टाळण्याचाच उपाय आहे. खुपऱ्या हा आता भारतातला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. त्यात औषधं नि स्वच्छतेबरोबर या लहानशा ऑपरेशनचाही वाटा आहे. दिसण्यासाठी पापणीचं ऑपरेशन करून घेण्यात कमीपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण ज्यांना ते बघण्यासाठी हवं आहे ते ‘या वयात कशाला नटायचं’ या संकोचापायी मागे राहतात, याचं वाईट वाटतं.

सगळ्या शरीरात पापणीची कातडी सर्वांत पातळ, एक मिलिमीटरपेक्षाही बरीच कमी. तिच्याखाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू. त्याच्या मागे एक तलम पडदा, पडद्यामागे चरबीच्या गाद्या आणि त्या चरबीच्या मागून पापणी उचलणारा स्नायू येतो, त्याचं नाव लिव्हेटर. तो डोळ्याच्या खोबणीच्या अगदी मागच्या टोकापासून निघतो, पुढे येता येता रुंद नि पातळ होतो आणि पापणीच्या आतल्या ताठ पट्टीला जाऊन चिकटतो. वरच्या पापणीत ही पट्टी साधारण १० मिलिमीटर उंच असते, खालच्या पापणीत त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. एवढ्या जागेत एवढे थर असल्यामुळे इथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही आरशात दिसते.

म्हणून ऑपरेशनचा विचार करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं हवं. कातडी लोंबते आहे, पापणी उतरली आहे, की भुवई खाली आली आहे? तिन्हींत डोळा बारीक दिसतो, थकलेला दिसतो; उपाय मात्र तिन्हींचे वेगळे. आरशासमोर सरळ बघत उभं राहिलं आणि वरची सैल कातडी बोटानं हलकेच बाजूला केली की थोडा अंदाज येतो. पापणीची कड, म्हणजे केस उगवतात ती रेघ, बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते हे नेहमीचं. कड जागेवर असेल आणि वरून कातडीचा पदर तिच्यावर पडत असेल, तर दोष कातडीचा. कडच बाहुलीपर्यंत उतरली असेल तर दोष स्नायूचा किंवा त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूचा. डॉक्टर हेच टॉर्च आणि पट्टी घेऊन मोजतात. बुबुळावर पडलेल्या उजेडाच्या ठिपक्यापासून वरच्या कडेपर्यंत चार ते पाच मिलिमीटर अंतर असायला हवं. मग भुवई अंगठ्यानं दाबून धरून ‘खाली बघा, आता वर बघा’ म्हणतात, आणि कड किती मिलिमीटर सरकली ते पाहतात. बारा-पंधरा सरकली तर स्नायू दमदार आहे, चार किंवा त्याहून कमी सरकली तर जवळजवळ निकामी.

म्हातारपणी पापणी उतरते तेव्हा बहुतेकदा स्नायू चांगलाच असतो. परकराची नाडी शाबूत असावी आणि तिचं टोक मात्र नेफ्यात आत निसटावं, तसा त्याचा पुढचा पट्टा ताठ पट्टीवरून मागे सरकलेला असतो. वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत हे तरुणपणीही होतं, क्वचित मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही होतं. तो पट्टा शोधून पुन्हा जागेवर टाकणं हे टोसिसचं ऑपरेशन. अशा माणसाची नुसती कातडी काढली तर पैसे जातात, टाके पडतात आणि डोळा तेवढाच बारीक राहतो. भुवई खाली आलेल्या माणसाची कातडी काढली तर भुवई आणखी खाली ओढली जाते. ‘ऑपरेशन करूनही फरक पडला नाही’ अशा तक्रारींत पुष्कळदा निदानातली ही गल्लत असते.

काही पापण्यांना चाकू नकोच असतो. एका डोळ्याची पापणी एकाएकी पडली, सोबत डोकं ठणकतंय, दोन-दोन दिसतंय, त्या डोळ्याची बाहुली मोठी झालीय, तर हा मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याचा इशारा असू शकतो. तडक मोठं इस्पितळ गाठायचं. पडलेल्या पापणीच्या बाजूची बाहुली उलट लहान झाली असेल, तर मानेतून छातीपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंची तपासणी लागते. सकाळी बरी असणारी पापणी संध्याकाळी उतरत असेल, बोलताना किंवा चावताना दमायला होत असेल, तर मायस्थेनिया नावाच्या आजाराची शंका घेतात. त्याची एक तपासणी फारच साधी आहे. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवायची. पापणी दोन मिलिमीटर किंवा अधिक वर आली तर संशय बळावतो, आणि मग उपचार गोळ्यांचे.

आणि लहान मुलं. जन्मतःच पापणी अर्धवट उघडत असेल तर ‘मोठेपणी होईल नीट’ असं म्हणत थांबणं धोक्याचं आहे. पहिल्या काही वर्षांत डोळा बघायला शिकत असतो. त्या काळात बाहुली झाकलेली राहिली तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि पुढे पापणी कितीही वर उचलली तरी गेलेली नजर पुरती परत येत नाही. मूल हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघत असेल तर तेवढ्यावरूनही नेत्रतज्ज्ञाला दाखवावं. अशा मुलांचा उचलणारा स्नायू दुबळा असतो, म्हणून पापणीला मांडीतल्या पांढऱ्या पडद्याची किंवा सिलिकॉनची दोरी लावून ती कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग मूल भुवई उंचावून डोळा उघडतं. झोपेत डोळा किंचित उघडा राहतो, त्याला थेंब-मलम बरीच वर्षं लागू शकतं.

आता मोठ्यांच्या ऑपरेशनची तयारी. ऑक्युलोप्लास्टीचं, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या भागाचं खास शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ हे काम करतात. अनुभवी प्लास्टिक सर्जनही करतात. पहिल्या भेटीत डोळे कोरडे आहेत का हे बघायलाच हवं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. कोरड्या डोळ्यांच्या माणसाची कातडी सढळ हातानं काढली तर डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळावर जखम होते. डोळे मिटताना बुबुळ वर वळतं की नाही, हेही बघतात. तो निसर्गाचा बचाव आहे. थायरॉइडमुळे डोळे बाहेर आले असतील तर ते काही महिने एका जागी स्थिर झाल्याशिवाय पापणीला हात लावत नाहीत. नुकतंच लेसर करून चष्मा घालवला असेल तरी काही महिने थांबायला सांगतात. सोबत आपला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा समोरून काढलेला फोटो न्यावा. तुमची पापणी मुळात कशी होती, दोन्ही डोळे सारखे होते का, हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं. बहुतेक चेहऱ्यांत दोन डोळे सारखे नसतातच, आणि हे ऑपरेशनआधी पाहून ठेवलं नाही तर नंतर ते ऑपरेशनच्या माथी मारलं जातं.

एका डोळ्याची पापणी उचलली की दुसऱ्याची खाली येते, असंही घडतं. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारख्याच जोराचा हुकूम जातो. एक जड झाली की मेंदू जोर वाढवतो आणि त्या जोरावर दुसरीही उचललेली राहते. पहिली हलकी झाली, जोर कमी झाला, की दुसरीचं खरं रूप उघड होतं. डॉक्टर आधीच एक पापणी बोटानं उचलून दुसरीकडे लक्ष ठेवतात ते यासाठी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय घरात सगळ्यांत हलगर्जीपणे हाताळला जातो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांनी रक्तस्राव वाढतो हे खरं, पण स्टेंट बसवलेल्या माणसानं त्या आपल्या मनानं बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. डोळ्यांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं, आपण नाही. फिश ऑइल, व्हिटॅमिन ‘ई’, लसणाच्या कॅप्सूल, काढे-चूर्णं हे ‘औषध नव्हे’ म्हणून सांगायचं राहून जातं. त्यांतल्या काहींनीही रक्त गोठायला वेळ लागतो. सगळं सांगावं. बीपी आणि साखर ताब्यात हवी. विडी-सिगारेट, तंबाखू काही आठवडे आधी सोडता आली तर जखम चांगली भरते.

विम्याचं थोडक्यात. केवळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च भारतातल्या आरोग्य विम्यात मिळत नाही. पण पापणी नजरेच्या आड येत असेल आणि डॉक्टरांनी ते वैद्यकीय गरजेचं आहे असं लिहून दिलं असेल तर मागणी करता येते. त्यासाठी दृष्टिक्षेत्राची तपासणी दोनदा करतात, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा ती चिकटपट्टीनं वर बांधून. दोन आलेखांतला फरक आणि फोटो हाच पुरावा, त्यामुळे हे कागद ऑपरेशनच्या आधीच तयार हवेत.

ऑपरेशनच्या दिवशी महत्त्वाचं काम चाकू लागण्याआधी होतं. रोग्याला बसवून, समोर बघायला सांगून पापणीवर जांभळ्या शाईनं रेघा आखतात. आडवं झाल्यावर कातडी कानाकडे ओघळते आणि अंदाज चुकतो, म्हणून बसवूनच. खालची रेघ पापणीच्या नैसर्गिक घडीवर, कडेपासून आठ-दहा मिलिमीटर वर; पुरुषांत थोडी खाली. मग बोथट चिमट्यानं घडीच्या वरची कातडी चिमटीत धरून बघतात. केस जेमतेम वर वळले पाहिजेत, डोळा उघडता कामा नये. जिथवर हे साधतं तिथवर वरची रेघ. भुवईपासून कडेपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहिलीच पाहिजे, असा दंडक आहे. ‘आलोच आहे तर थोडी जास्त काढा’ असा आग्रह डॉक्टरांना कधीही करू नये. राहिलेली कातडी पुढे काढता येते. गेलेली परत लावायची तर कानामागून आणावी लागते.

ऑपरेशन बहुधा जागेवरच्या भुलेत होतं, हवं तर सोबत थोडं गुंगीचं औषध. भुलेची सुई झोंबते, काही सेकंद चांगलीच. त्यानंतर ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं, दुखत नाही. डोळे मिटलेले असले तरी दिव्याचा लालसर उजेड जाणवतो. रक्तवाहिन्या बंद करायला वापरतात त्या विजेच्या टोकाचा बारीक आवाज येतो आणि थोडा जळका वास. हा वास आपल्याच कातडीचा असतो आणि कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो, म्हणून सांगितलं. पापणी उचलण्याचं ऑपरेशन असेल तर मध्येच ‘डोळे उघडा, छताकडे बघा’ असं सांगतात, क्वचित उठवून बसवतात, आणि दोन्ही कडांची उंची जुळेपर्यंत टाका सैल-घट्ट करतात. त्यासाठी रोगी जागा लागतो. दोन्ही वरच्या पापण्यांना तासभर, कधी थोडा जास्त वेळ लागतो. केसाहून बारीक दोऱ्यानं घडीतच टाके घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात.

पहिले दोन दिवस बर्फाचे. जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटं, स्वच्छ ओल्या फडक्यातून, हलक्या हातानं. बर्फ उघडा लावायचा नाही, कारण बधिर कातडीला तो भाजतो तरी कळत नाही. फ्रीझरमधल्या मटारची पिशवी डोळ्याच्या आकाराला छान बसते. दोन-तीन उशा घेऊन पाठीवर झोपायचं. दुखणं फार नसतं, पॅरासिटामॉल पुरतं. आपल्या मनानं अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन घ्यायचं नाही. मलमामुळे सगळं धुरकट दिसतं, मलम पुसलं की निवळतं. डोळ्यांतून पाणी येतं, उजेड खुपतो, वाळू गेल्यासारखं टोचतं. पापणी सुजलेली असल्यामुळे झोपेत डोळा पुरता मिटत नाही, म्हणून रात्रीचं मलम टाळायचं नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. नेमकी तेव्हाच बघायला माणसं येतात. ‘अगं बाई, हे काय करून घेतलंस!’ हे वाक्य त्या दिवशी ऐकावं लागतं, आणि आरसाही तेच सांगतो. एक डोळा जास्त सुजतो, एका बाजूला काळंनिळं जास्त उतरतं, ते गालापर्यंत घसरतं. मग जांभळ्याचं हिरवट, हिरवटाचं पिवळट होत दहा ते चौदा दिवसांत जातं. मावशीनं शेवटी ऑपरेशन करून घेतलं तेव्हा तिलाही तिसऱ्या दिवशी पश्चात्ताप झाला होता आणि ती जेवायलाही बाहेरच्या खोलीत येईना. हे असं होणार हे आम्हाला आधी माहीत असतं तर आम्ही तिला निदान धीर दिला असता. घरच्यांना माझी विनंती आहे की त्या आठवड्यात चेहऱ्याबद्दल काही बोलू नका, पाहुण्यांनाही पुढच्या आठवड्यात बोलवा.

टाके पाच ते सात दिवसांनी निघतात. तोवर आंघोळ मानेखाली, केस धुवायचे असतील तर मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुवून घ्यायचे. खपल्या खरवडायच्या नाहीत. दोन आठवडे डोकं खाली जाईल आणि जोर लागेल असं काही करायचं नाही. ही यादी आपल्या घरांत वाटते त्यापेक्षा लांब आहे. वाकून केर-फरशी, पाण्याची बादली, नातवंडाला कडेवर घेणं, देवापुढे डोकं टेकणं, सूर्यनमस्कार, कपालभाती, सगळं त्यात येतं. बद्धकोष्ठ असेल तर आधीच इसबगोल सुरू करावं, कुंथण्यानंही डोळ्याभोवतीचा दाब वाढतो. काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स साधारण दोन आठवडे बंद, पोहणं महिनाभर. बहुतेक जण आठ-दहा दिवसांत कामावर जातात. टीव्ही-मोबाइल बघितल्यानं टाके तुटत नाहीत, पण स्क्रीनकडे बघताना आपण डोळे कमी मिचकावतो आणि कोरडेपणा वाढतो. थेंब हाताशी ठेवावेत. धूसरपणा पुरता जाईपर्यंत गाडी चालवायची नाही.

तिथून पुढचं सावकाश होतं. पापणी घट्ट वाटते, कडेचा भाग आणि केस बधिर लागतात, काजळाची काडी फिरवताना कळतच नाही. ही संवेदना परतायला काही आठवडे ते काही महिने लागतात. सकाळी उठल्यावर थोडी सूज महिना-दीड महिना दिसत राहते. टाक्याची रेघ आधी लाल होते, किंचित उंचावते आणि मग घडीत लपते. उन्हात ती काळवंडते, म्हणून गॉगल वापरावा. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी ठरतो. त्याआधी ‘डावा जरा मोठा वाटतोय’ म्हणून पुन्हा टेबलावर जाण्याची घाई कुणी करू नये. अपवाद एकच, डोळा मिटतच नसेल आणि बुबुळ कोरडं पडत असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या आणि डोळ्यांखालचा काळेपणा या ऑपरेशननं जात नाही, हे आधीच मनाशी ठरवलेलं बरं.

खालच्या पापणीची गोष्ट जास्त नाजूक आहे. तिथे बहुधा नजरेचा प्रश्न नसतो, डोळ्यांखाली आलेल्या चरबीच्या पिशव्यांचा असतो. ती चरबी पापणीच्या आतल्या बाजूनं, बाहेर व्रण न ठेवता काढता येते किंवा खालच्या खळग्यात पसरवता येते. बाहेरून कातडी काढली आणि ती जास्त निघाली तर पापणी खाली ओढली जाऊन बाहेर वळते, डोळ्यातून सतत पाणी गळतं. मोबाइलवरच्या जाहिराती बघून खालच्या पापणीचं ऑपरेशन ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला तो एक धोका, जो विरळा आहे आणि ज्याबद्दल प्रत्येक घरात माहिती हवीच. कधी कधी पापणीमागे, डोळ्याच्या खोबणीत रक्त साठतं. तिथे मागे आणि बाजूंना हाड, त्यामुळे रक्ताला पसरायला जागा नसते. दाब वाढत जातो आणि डोळ्याच्या शिरेचा रक्तपुरवठा तुटतो. असा रक्तस्राव सुमारे २,००० रोग्यांमध्ये एकाला होतो आणि त्यातून नजर कायमची जाणं त्याहूनही पुष्कळ दुर्मीळ आहे. तो बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच होतो, आणि तेव्हा रोगी घरी असतो. एका डोळ्यात ठणके मारणारं, गोळीनं न थांबणारं दुखणं, भराभर वाढणारी सूज, डोळा पुढे आल्यासारखा आणि दाबला तर टणक लागणं, मलम पुसूनही कमी दिसणं किंवा काळोख, यांतलं काहीही झालं तर हाताशी तास-दीड तासच असतो. डॉक्टर टाके उघडून, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरचा बंध कापून दाब मोकळा करतात, आणि वेळेवर झालं तर नजर वाचते.

म्हणून पहिल्या रात्री रोग्याजवळ कुणीतरी झोपलं पाहिजे, आणि दर दोन-तीन तासांनी मलम पुसून, एकेक डोळा झाकून बोटं मोजून घेतली पाहिजेत. शंका आली तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर दवाखान्यातून निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या, आणि जवळच्या कोणत्या इस्पितळात रात्री डोळ्यांचा डॉक्टर हजर असतो ते विचारून त्याचं नाव त्याच कागदावर खाली लिहा.